गाणे वस्तीचे, मग गीतकाराचे काय?

चौदा एप्रिल आटोपली की आमच्या भागातील जयंती मंडळाचा हिशेब तपासायला आमच्याकडे येतो. वकिली करतो म्हणून हे काम आमच्या गळ्यात पडले आहे. मंडप, लायटिंग, डीजे, मिरवणुकीचा ट्रक, खीरदान आणि गायन पार्टीची सुपारी. सुपारीतून गायकाला मिळते, बेंजोवाल्याला मिळते, ढोलकीवाल्याला मिळते, कोरसच्या पोरांचे रिक्षाभाडे तरी सुटते. ज्याच्या शब्दांवर सारी वस्ती टाळ्या वाजवते त्या गीतकाराचा रकाना मात्र या हिशेबात आम्ही कधी पाहिला नाही. खरे सांगायचे तर इतकी वर्षे आम्ही तो शोधलाही नव्हता.

तो शोधायला लावला एका म्हाताऱ्या गीतकाराने. गिरणीतून निवृत्त झालेले, चाळीत राहणारे. त्यांची गाणी कॅसेटच्या जमान्यात गाजली, आज नातवाच्या मोबाईलवर वाजतात. खाली गायकाचे नाव आहे, कंपनीचे नाव आहे. गीतकाराच्या जागी लिहिले आहे 'पारंपरिक'. ते आम्हाला म्हणाले, "वकीलसाहेब, मी अजून जिवंत आहे, मग मी पारंपरिक कसा?" दुसरा प्रश्न त्यांच्या मुलाचा होता. मुलगाही लिहितो. "गीतकारांच्या संस्थेचा सभासद झालो तर पुढे जाता येईल का?"

मुलाला आम्ही सरळ उत्तर दिले. पुढे जाणे म्हणजे कामे मिळणे, नाव होणे असे असेल, तर नाही. कोणतीही संस्था तुम्हाला गाणे मिळवून देत नाही. आपल्याकडे गीतकार मोठा झाला तो जलशात, कव्वालीच्या सामन्यात, वस्तीवस्तीतून. लोककवी वामनदादा कर्डक गावोगाव पायाला भिंगरी बांधून फिरले. कोणाचे सभासदकार्ड दाखवून ते लोकांच्या ओठांवर बसले नाहीत. पण पुढे जाणे म्हणजे लिहिलेल्याचा मोबदला मिळणे असे असेल, तर उत्तर वेगळे आहे.

गीतकार आणि संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून मुंबईत आहे. या संस्थेत कंपन्यांचेच चालते, अशी तक्रार गीतकार-संगीतकार अनेक वर्षे उघडपणे करीत होते. कायदाही त्यांच्या बाजूने नव्हता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमासाठी लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच, असा निकाल याच संस्थेच्या खटल्यात दिला. चित्र बदलले २०१२ मध्ये. त्यासाठी लेखक-कलावंतांनी दिल्लीपर्यंत धडक मारली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीचा समान वाटा कायम केला. हा वाटा त्याला विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. वारसाला देता येतो किंवा वसुलीसाठी संस्थेकडे सोपवता येतो, एवढेच. उद्या कंपनीने स्टॅम्पपेपरवर 'रॉयल्टीसह सर्व हक्क कायमचे दिले' असे लिहून सही घेतली तरी रॉयल्टीपुरते ते कलम रद्दबातल. संस्थेच्या कारभारी मंडळावर लेखक आणि मालक समसमान हवेत, हेही कायद्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयपीआरएसला नव्या कायद्याखाली नोंदणी मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात रेडिओ कंपन्यांनाही गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी जबाबदार धरले.

म्हणजे सभासद झाले की पैसे सुरू? इतके सोपे असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

आपले गाणे वाजते कुठे? जयंतीच्या मंचावर, मिरवणुकीत, विहारात, लग्नाच्या मांडवात. यातले बरेचसे कायद्याने मोकळे ठेवले आहे. धार्मिक विधीत, लग्नाच्या वरातीत, हौशी मंडळाने फुकट दाखवलेल्या कार्यक्रमात गाणे वाजले तर परवाना लागत नाही. तो लागूही नये, असे आमचे मत आहे. राहिले रेडिओ, टीव्ही, तिकिटाचे कार्यक्रम आणि मोबाईलवरची मोठी कंपनी-दुकाने. तिथला पैसा वाजलेल्या गाण्यांच्या नोंदीवरून वाटला जातो. नुसता फॉर्म भरून भागत नाही. प्रत्येक गाणे गीतकार कोण, संगीतकार कोण अशा तपशिलासह नोंदवावे लागते. नोंद नसलेले गाणे लाख वेळा वाजले तरी त्याचा पैसा तुमच्या खात्यात येणार कसा? सिनेमाची गाणी कंपन्या मुनीम ठेवून नोंदवतात. आमचा गीतकार गाणे वहीत लिहितो आणि वही गायकाला देऊन टाकतो.

शिवाय चालीचा मामला आहे. गाजलेल्या फिल्मी चालीवर भीमगीत लिहिण्याची आपली जुनी रीत. शब्द तुमचे, चाल दुसऱ्याची. नोंदवताना शब्दांपुरताच दावा करा. चाल आपली म्हणून लिहिली तर उद्या नोटीस तुमच्याच दारात येईल.

आणखी एक गोष्ट फॉर्मवर सही करण्याआधी समजून घ्यावी. सभासद होताना गाणे वाजवू देण्याचा हक्क आपण संस्थेकडे सोपवतो. मग 'आपलाच कार्यकर्ता आहे, वाजव बाबा' हे एकट्याने म्हणण्याची मोकळीक कमी होते. ज्याला ती मोकळीक हवी त्याने आधी विचार करावा.

'चळवळीच्या गाण्याचे पैसे मागता?' असा प्रश्न येतोच. आमच्याच मंडळाच्या बैठकीत तो आला. आम्ही विचारले, डीजेवाला चळवळीसाठी फुकट येतो काय? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो कष्टकऱ्याच्या हक्कासाठी. शब्द जुळवणारा कष्ट करीत नाही असे कोणी ठरवले? बैठकीत थोडा वेळ शांतता होती, मग विषय मांडववाल्याच्या बिलाकडे गेला.

आता म्हाताऱ्यांचा प्रश्न. त्यांच्याकडे करार नाही. कंपनीच्या माणसाने रेकॉर्डिंगच्या दिवशी हातावर काही नोटा ठेवल्या, चहा पाजला, झाले. त्यांना वाटत होते की गाणे गेले. आम्ही त्यांना सांगितले, दादा, कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार लेखी, सही केलेला कागद असल्याशिवाय हक्क हस्तांतरित होत नाही. रेकॉर्डिंगला परवानगी दिली असे कंपनी म्हणू शकेल. मालकी विकत घेतली असे म्हणता येणार नाही. अशा शेकडो गीतकारांचे शब्द आजही कायद्याने त्यांचेच आहेत आणि त्यांना ते ठाऊक नाही. कागद असला तरी त्यात मुदत लिहिली आहे का ते पाहा. १९९५ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचेच धरले जाते.

आणि नावाचा हक्क तर विकलेल्या गाण्यावरही राहतो. कलम ५७ त्यासाठीच आहे. आपले गीतकार शेवटच्या अंतऱ्यात आपले नाव गुंफतात. गायकाने तो अंतरा गाळला की नावही गेले. तिथे कायदा उपयोगी पडतो. गीतकार वारला तरी हक्क लगेच संपत नाही, पुढची साठ वर्षे वारसांकडे राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. म्हणजे जे हक्क त्यांनी लिहून दिले नसतील ते २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहेत.

म्हाताऱ्यांनी पुढच्या खेपेला पिशवीभर जुनी कॅसेटची कव्हरे आणली. सून ती रद्दीत देणार होती. त्यातल्या अकरा कव्हरांवर 'गीत' या शब्दापुढे त्यांचे नाव छापलेले निघाले. कलम ५५ प्रमाणे छापील प्रतीवर ज्याचे नाव तोच लेखक, असे न्यायालय गृहीत धरते. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. अकरा गाणी आम्ही फॉर्मवर चढवली आहेत आणि 'पारंपरिक' लिहिणाऱ्या कंपनीला नोटीस पाठवली आहे. उत्तर अजून आलेले नाही. ज्या घरात जुन्या कॅसेटा पडून असतील त्यांनी टेप वाजत नसली तरी कव्हर फेकू नये. रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारातच बसतो, तिथे घेऊन यावे.