बंदूक रिकामी आहे ना? पंप ॲक्शनमध्ये दोन ठिकाणी बघा

सिंधुदुर्ग : भात पोटरीत आलं की रानडुकरं, गवे शेतात उतरतात आणि परवान्याच्या बंदुका घराबाहेर निघतात. राखण संपली की तीच बंदूक दाराआडच्या कोपऱ्यात टेकवली जाते. 'रिकामीच आहे' एवढ्या एका समजुतीवर घरातली पोरंबाळं तिच्याजवळून वावरत असतात.

फरक कुठे आहे?

एकनळी काडतुसाची बंदूक मधोमध मोडली की नळी आरपार दिसते. काडतूस आहे की नाही, लगेच कळतं. बारा बोअरच्या पंप ॲक्शन बंदुकीचं तसं नाही. एक काडतूस मुख्य नळीच्या मागे, म्हणजे चेंबरमध्ये असतं. बाकीची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक. पुढची मूठ मागे ओढली की चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलली की खालचं दुसरं वर चढतं. म्हणजे एक काडतूस काढून मूठ पुढे नेली, तर बंदूक पुन्हा भरली.

रिकामी कशी करायची?

- तोंड माणसं, घर, रस्ता यांच्यापासून दूर, सुरक्षित दिशेला ठेवा. बोट चापाबाहेर.
- सेफ्टी लावा. पण तिच्यावर विसंबू नका. ती बिघडू शकते.
- चापाजवळची कळ दाबून मूठ मागे घ्या. काडतुसं बाहेर पडायची थांबेपर्यंत मागे-पुढे करा.
- शेवटी मूठ मागेच ठेवून चेंबर आणि खालच्या नळीचं तोंड, दोन्ही बघा. अंधारात बोट घालून चाचपा.
- बाहेर आलेली काडतुसं मोजा. भरलेली पाच आणि निघाली चार, तर पाचवं आतच आहे.

बांध, वई ओलांडताना किंवा मांगराच्या माळ्यावर चढताना बंदूक आधी रिकामी करावी. घरात बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि चाव्या परवानाधारकाकडेच. शस्त्र नीट सांभाळणं ही कायद्याने त्याचीच जबाबदारी आहे.

आखूड बंदूक चालते का?

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 13 मध्ये संरक्षणासाठीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला किमान 20 इंच नळीची अट आहे. पीक राखणीसाठी मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी मिळते. हाताळायला सोपी म्हणून नळी कापून घेणं हा गुन्हा आहे. लग्नात, मिरवणुकीत निष्काळजीपणे बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चोर आला तर?

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांना बोलावण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर बार काढणारा स्वतःच आरोपी होऊ शकतो. तेव्हा आधी दार लावा, माणसं एका खोलीत घ्या, 112 लावा. रात्री अंगणात वाजलेलं पाऊल कधी शेजाऱ्याचं असतं, कधी उशिरा परतलेल्या आपल्याच मुलाचं. समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय चापाला बोट लावू नये.