परदेशी उपकरणाचा फ्यूज का जळतो?

सायखेड्यासारख्या द्राक्षांच्या गावी अमेरिकेतील आप्ताने विजेवरचा वजनकाटा आणून दिला, तर परिवर्तकाचा फ्यूज पहिल्याच दिवशी जळण्याचा संभव असतो. ऐन खुडणीत काटा बंद पडला, की व्यापाऱ्याच्या काट्यावर विसंबणे आले.

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. म्हणून मध्ये परिवर्तक जोडतात. पुष्कळदा चूक त्याच्या निवडीतच होते. वजनाला हलका, पण हजार-दीड हजार वॉटचा म्हणून विकला जाणारा परिवर्तक बहुधा इस्त्री-शेगडीसारख्या तापणाऱ्या साधनांपुरताच असतो. तो विजेची लहर तोडून पुढे पाठवतो; नाजूक उपकरणांना ती सोसत नाही. त्यांना तारेच्या वेटोळ्यांचा जड ट्रान्सफॉर्मरच लागतो.

फ्यूज जळाल्यास प्रथम प्लग काढावा. काटा सोडवून, त्याच अँपियरचा नवा फ्यूज बसवून परिवर्तक एकटाच लावून पाहावा. फ्यूज पुन्हा गेला तर बिघाड परिवर्तकात. टिकला तर काट्यात, किंवा भार अधिक झालेला. तांब्याची तार गुंडाळून वेळ मारून नेल्यास फ्यूजऐवजी उपकरण जळते, प्रसंगी घरही.

काट्याच्या अडॅप्टरवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असल्यास परिवर्तक मुळीच लावू नये. केवळ योग्य पिनेचा प्लग पुरे.