तोलोलिंगच्या पायथ्याशी

द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकात शिरलेली बरीच मंडळी आधी बोफोर्स तोफेशेजारी फोटो काढतात. माझं सांगणं एवढंच, की आधी माहिती सांगणाऱ्या जवानासमोर उभं राहा. तो हात वर करतो आणि समोरचा डोंगर बोलू लागतो. हा तोलोलिंग. तो टोकदार सुळका टायगर हिल. पॉइंट ४८७५ वर कॅप्टन विक्रम बत्रा धारातीर्थी पडले.

तोलोलिंग इथून अगदी जवळ वाटतो. पण नीट पाहिलं की उतारावर झाड नाही, झुडूप नाही, नुसते उघडे कातळ आणि सुटे दगड. द्रासच मुळी साडेदहा हजार फुटांच्या वर आहे, चार पावलं भरभर टाकली तरी धाप लागते. वर दगडांच्या आडोशाला बसलेल्या शत्रूला श्रीनगर-लेह महामार्गावरची वाहनं दिसत होती आणि त्यावरून तोफांचा मारा साधता येत होता. रस्ता वाचवायचा तर हा डोंगर घ्यावाच लागणार होता. दिवसा या उतारावर पाऊल टाकणं म्हणजे मरण, म्हणून चढाई रात्रीच्या अंधारात. पाठीवर दारूगोळा, वरून गोळीबार.

मे १९९९ च्या अखेरीस इथेच १८ ग्रेनेडियर्सचे मेजर राजेश अधिकारी पडले. २ राजपुताना रायफल्सनं १३ जूनला शिखर घेतलं, त्या हल्ल्यात मेजर विवेक गुप्ता गेले. दोघांनाही मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

हे ऐकल्यावर तोफेकडे जावं, म्हणजे तिचं काम कळतं. १५५ मिलिमीटरचे गोळे शिखरावर पडत असताना शत्रूला डोकं वर काढता येत नसे, तेवढ्यात पायदळ वर सरकायचं. पण आपले जवान शिखराजवळ पोचले की तो मारा थांबवावाच लागे. शेवटचं अंतर हातगोळे आणि रायफली घेऊन त्यांना स्वतःच कापावं लागलं.

मगच नावांच्या भिंतीपाशी जावं. या युद्धात आपले ५२७ जवान गेले. त्यांतली किती मुलं विशी-पंचविशीतली होती! इथं घाई करणं मला पटत नाही. लेहच्या सहलीत द्रासला चहापुरतं थांबण्याचा बेत अनेकदा असतो, तो बदला. सोनमर्गहून पहाटे निघून झोजिला ओलांडा, मुक्काम कारगिलला ठेवा, आणि मधला सगळा वेळ द्रासला द्या.