दुसरीच्या वर्गातले काड्यांचे गठ्ठे आणि तुमचा सिनॉप्सिस



शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायचं ठरलं की बऱ्याच जणांच्या वहीत पहिला विषय साधारण असा लिहिला जातो: 'इयत्ता दुसरीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर कृतियुक्त अध्ययनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. पुढचा आराखडाही ठरलेलाच. दोन तुकड्या घ्यायच्या, पूर्वचाचणी, सहा आठवडे काड्या-मणी-नोटांच्या कृती, उत्तरचाचणी, टी-चाचणी, शून्य परिकल्पनेचा त्याग. विषय वाईट नाही. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून तिसरीपर्यंतच्या मुलांचं वाचन आणि संख्याज्ञान हा सगळीकडे चर्चेचा विषय आहे, त्यामुळे शाळेत परवानगी मिळायलाही फार अडचण येत नाही. अडचण दुसरीच आहे. अशा आराखड्यातून 'कृतीमुळे मूल काय शिकलं' हे कळतच नाही. का, ते आज एकाच घटकावर बघू: दशक आणि एकक.

फळ्यावर २७ + १५ लिहिलंय. मुलांपुढे काड्या आहेत, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधलेले आणि काही सुट्या. समजा एका मुलीनं २७ साठी दोन गठ्ठे आणि सात सुट्या घेतल्या, १५ साठी एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सुट्या बारा झाल्या, त्यातल्या दहांना रबर लावलं. चार गठ्ठे, दोन सुट्या, बेचाळीस. शेजारच्या मुलानंही तेवढंच साहित्य घेतलं, पण सगळे रबर काढले, काड्यांचा ढीग केला आणि एकपासून मोजत बेचाळीसपर्यंत गेला. उत्तर दोघांचंही ४२. दोघांनीही कृती केली, दोघंही रमली. तुमच्या उत्तरचाचणीत दोघांनाही पूर्ण गुण. पण पहिलीनं दशक वापरला आणि दुसऱ्यानं मोजणी केली, जी त्याला आधीपासूनच येत होती.

म्हणजे तुमचं साधन जे मोजतंय आणि तुमचं शीर्षक जे म्हणतंय, त्यात फट आहे. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक बोट ठेवतात ते इथेच, आणि तोपर्यंत तीन-चार वर्षं गेलेली असतात.

आता थोडं पूर्वसंशोधन. कॉन्स्टन्स कामी यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांत पियाजेच्या विचारांवर बरंच काम केलं. त्यांची एक मुलाखत-कृती तुम्हाला उद्या करून बघता येईल इतकी साधी आहे. मुलापुढे १६ वस्तू ठेवा. (आपल्याकडे चिंचोके उत्तम.) मोजायला सांगा, मग कागदावर १६ लिहायला सांगा. सहाच्या आकड्याभोवती गोल करून विचारा, 'हा जो आहे, तो चिंचोक्यांत दाखव.' मूल सहा चिंचोके दाखवतं. मग एकाभोवती गोल करा आणि तेच विचारा. पुष्कळ मुलं एकच चिंचोका उचलतात. मागे नऊ उरलेले असतात! 'मग हे कुठे गेले?' असं विचारलं तरी कित्येकांना त्यात काही खटकत नाही. वर्गात बेरजा बरोबर करणारी मुलंही यात अडकतात, आणि फक्त दुसरीतलीच नव्हे, पुढच्या इयत्तांतलीही.

'हातचा एक' म्हणताना आपणही त्या दहाला एकच म्हणतो, हे जाता जाता लक्षात घ्या.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे 'मग अजून साहित्य द्या'. इथे जूडी डीलोश यांचं संशोधन वाचायलाच हवं. विषय गणिताचा नाही, मुलंही फार लहान, अडीच-तीन वर्षांची. खोलीची एक छोटी प्रतिकृती करायची, तिच्यात बाहुली लपवायची आणि मुलाला सांगायचं की खऱ्या खोलीत मोठी बाहुली त्याच जागी आहे. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना ती सापडते, अडीच वर्षांच्या बहुतेकांना नाही. हे निष्कर्ष १९८७ चे. पुढे त्यांनी एक गंमत केली. तीन वर्षांच्या मुलांना आधी त्या प्रतिकृतीशी मनसोक्त खेळू दिलं, तर त्यांची कामगिरी घसरली. उलट अडीच वर्षांच्या मुलांना ती काचेआडून दाखवली, हात लावू दिला नाही, तर त्यांची सुधारली. वस्तू 'वस्तू' म्हणून जितकी आकर्षक, तितकं तिच्याकडे 'दुसऱ्या कशाची तरी खूण' म्हणून बघणं अवघड. हाच धागा घेऊन युटल, स्कडर आणि डीलोश यांनी १९९७ मध्ये गणिताच्या साहित्याबद्दल लिहिलं की साहित्य हेसुद्धा एक चिन्हच असतं, आणि चिन्ह आपोआप उलगडत नाही.

आपल्याला दहाचा दांडा बघितल्यावर दहा दिसतो कारण दहा म्हणजे काय ते आपल्याला आधीच ठाऊक आहे. मुलाला निळा दांडा दिसतो. कदाचित तलवारही दिसते.

म्हणून 'साहित्य' असा एकच चल सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. एकाच दशकासाठी वापरल्या जाणाऱ्या तीन वस्तू बघा. काड्यांचा गठ्ठा मूल स्वतः बांधतं आणि सोडतं. दहा सुटे आणि एक दशक ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत हे हातातच घडतं. दहाचा दांडा तयार मिळतो. लांबी दहापट असते खरी, पण तो तुटत नाही, दहा सुट्या ठोकळ्यांच्या बदल्यात घ्यावा लागतो. आणि दहाची नोट? ती एक रुपयाच्या नाण्याच्या दहापट वगैरे काही नसते. तिची किंमत निव्वळ संकेतानं ठरलेली. तिन्हीला 'कृती' म्हटलं तरी मुलाच्या डोक्यावर पडणारं काम वेगळं आहे. माझं मत विचाराल तर दुसरीच्या सुरुवातीला काड्या-रबराला पर्याय नाही, आणि नोटा शेवटी.

नोटांबद्दल एक अभ्यास मला फार आवडतो. मॅकनील, युटल, जार्विन आणि स्टर्नबर्ग यांचा, २००९ चा. पैशांची शाब्दिक उदाहरणं सोडवताना काही मुलांना खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नोटा-नाणी दिली. या मुलांच्या एकूण चुका जास्त झाल्या, पण संकल्पनेच्या चुका कमी झाल्या! मुलं चौथी ते सहावीतली होती, म्हणून निष्कर्ष तसाच्या तसा दुसरीला चिकटवू नका. घ्यायचं ते एवढंच की चुकांची वर्गवारी केली म्हणून हा निष्कर्ष हाती लागला. नुसते गुण मोजले असते तर 'नोटा वाईट' एवढंच लिहिलं गेलं असतं.

कार्बोनो, मार्ले आणि सेलिग यांनी २०१३ मध्ये ५५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. नुसत्या चिन्हांनी शिकवण्यापेक्षा साहित्य वापरून शिकवणं सरस ठरलं, पण एकूण परिणाम लहान ते मध्यम. शिकलेलं लक्षात राहण्यावर परिणाम बऱ्यापैकी, नवं उदाहरण सोडवण्यावर किंवा दुसरीकडे वापरण्यावर थोडाच. शिवाय शिकवण्याची पद्धत कशी आणि अभ्यासाची रचना कशी यावर तो परिणाम बदलत होता. म्हणजे 'परिणाम होतो का?' या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालेलं आहे. तुमचं काम 'कोणत्या परिस्थितीत, कोणत्या मुलात, नेमका कशावर?' इथून सुरू होतं.

मराठीत या प्रश्नाला एक खास कंगोरा आहे. सत्तावीस म्हणताना सात आधी येतात, वीस नंतर; लिहिताना दोन आधी. एकोणतीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही, तीसमधून एक कमी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल; विषय विधानसभेत गेला आणि मंगला नारळीकरांना वारंवार खुलासे करावे लागले. वाद भाषेचा म्हणून गाजला, पण आपल्या दृष्टीनं तो संशोधनाचा प्रश्न आहे. 'वीस सात' म्हणत दोन गठ्ठे आणि सात काड्या उचलणारं मूल आणि 'सत्तावीस' म्हणत उचलणारं मूल, दोघांच्या हाताचा क्रम सारखाच असतो का? इंग्रजीतल्या अभ्यासांची नक्कल करून हे कळणार नाही. इथे खरोखर नवं काही सांगता येईल.

आता रचनेबद्दल. अ तुकडीला काड्या, ब तुकडीला फळा, असं केलंत आणि अ ला एक बाई, ब ला दुसरे गुरुजी असतील, तर तुम्ही बाई आणि गुरुजींची तुलना करताय. तीस मुलं म्हणजे तीस स्वतंत्र नोंदी नव्हेत, ती एका वर्गात एकत्र शिकलेली आहेत. त्यापेक्षा दोन्ही गटांना काड्या द्या आणि फरक एकाच गोष्टीत ठेवा. उदाहरणार्थ, एका गटात प्रत्येक गठ्ठा बांधल्यावर लगेच वहीत आकडा लिहायचा, दुसऱ्यात सगळं झाल्यावर शेवटी. प्रश्न लहान होईल, आणि आरआरसीसमोर 'एवढंच?' असं कुणी म्हणेलही. म्हणू द्या.

निरीक्षणपत्रिकेत 'मूल सहभागी झाले: होय / नाही' हा रकाना काढून टाका. त्याऐवजी लिहा: गठ्ठा सोडला का, केव्हा सोडला, मोजणी एकपासून की दहापासून. इथे एक सावधगिरी: २७ + १५ मध्ये गठ्ठे सोडून मोजणं हे दशक न वापरल्याची खूण आहे, पण ४२ − १५ मध्ये एक गठ्ठा सोडणं हीच समज आहे. तीच हालचाल, अर्थ उलटा. त्यामुळे बेरीज आणि वजाबाकीच्या पत्रिका वेगळ्या ठेवा. आणि शेवटी साहित्य बाजूला ठेवून एक उदाहरण जरूर द्या.

प्रश्नावली तयार करण्याआधी, मुख्याध्यापक आणि पालकांची लेखी संमती घेऊन आणि मुलालाही 'चालेल का?' विचारून, पाच मुलांबरोबर प्रत्येकी दहा मिनिटं बसा. सोळा चिंचोके, कागद, पेन्सिल. मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. 'हा एक म्हणजे हा एक' असं म्हणालं तर तसंच. मार्गदर्शकांकडे पहिल्यांदा जाताना सिनॉप्सिसच्या आधी हीच पानं पुढे करा.