जुन्या स्पोर्ट मोटारसायकलीच्या इंजिनाची पारख

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, एका अंगाला अमरावती जिल्ह्यातील वरुड आणि दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशातील पांढुर्णा यांना लागून असलेल्या नरखेड तालुक्यात वापरलेली मोटारसायकल विकत घेणाऱ्यासमोर नागपूर ग्रामीणच्या एमएच ४० बरोबरच नागपूर शहराच्या एमएच ३१ व एमएच ४९, अमरावतीच्या एमएच २७ आणि छिंदवाड्याच्या एमपी २८ अशा नाना पाट्यांच्या गाड्या येऊ शकतात. त्यांतील स्पोर्ट गाड्या, म्हणजे २००८ साली भारतात आलेली यामाहा आर १५, चाकणच्या कारखान्यात तयार होऊन २०१२ पासून विकली जाणारी केटीएम ड्यूक आणि तिच्यामागून आलेली आरसी मालिका, बजाजची पल्सर २२० आणि २०१५ची आरएस २००, या बहुधा शहरात दोन-तीन हातांतून फिरून गावाकडे येतात. शेतकरी कुटुंबातील तरुणाला नवी गाडी परवडत नाही म्हणून तो जुनी घेतो, हे खरे. परंतु अशा गाडीची अर्धी किंमत तिच्या इंजिनात असते आणि इंजिन झाकलेले असते, त्यामुळे त्याची पारख हे अनुमानाचे काम ठरते.

हे अनुमान साध्या गाडीच्या अनुभवावरून करता येत नाही. आर १५च्या पहिल्या इंजिनात पिस्टनची धाव, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर, ५८.७ मिलिमीटर असून पूर्ण शक्ती मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर मिळते. त्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १६.६ मीटर होतो. ४९.५ मिलिमीटर धावेची स्प्लेंडर ४,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर तिच्या पिस्टनचा वेग ६.६ मीटरच्या आसपास राहतो. स्प्लेंडर ज्या बेफिकिरीने तेलाविना ओढली जाते, ती बेफिकिरी स्पोर्ट गाडी फार काळ सोसत नाही. शिवाय आर १५चा सिलिंडर सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा, आत बीडाचे लायनर नसलेला असतो, आणि केटीएमच्या सिलिंडरला आतून निकेलचा कठीण मुलामा असतो. लायनरचा सिलिंडर झिजला की त्याला ‘बोअर मारून’, म्हणजे आतून थोडा मोठा कातून, मोठ्या मापाचा पिस्टन बसवण्याची गॅरेजातील जुनी रीत आहे; या दोन्ही गाड्यांना ती लागू पडत नाही आणि सिलिंडर ब्लॉक व पिस्टन असा पूर्ण संच बदलावा लागतो. इंजिनाचे काम निघाले तर किती खर्च येईल, हा प्रश्न त्यामुळे भाव ठरवण्याच्या आधीच विचारावा लागतो.

गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा सर्वांत आधी विचारला जातो आणि पुराव्यांत तोच सर्वांत दुबळा आहे. डिजिटल मीटर मागे करता येतो, बदलता येतो; आणि आकडा खरा असला, तरी ते अंतर कोणत्या फेऱ्यांवर, कोणत्या तेलावर आणि किती धुळीत कापले गेले, हे तो सांगत नाही. मीटरवर १२,००० दिसत असताना पाय ठेवण्याच्या जागेचे रबर गुळगुळीत झालेले असेल, मागच्या चक्राचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात एका बाजूला झुकून हुकासारखे टोकदार झाले असतील आणि ब्रेक डिस्कच्या कडेला नखाला लागणारा काठ आला असेल, तर विश्वास मीटरवर न ठेवता रबर, दात आणि डिस्क यांवर ठेवावा. इंजिनाच्या बाजूच्या झाकणांचे बोल्टही असेच बोलतात. ‘गाडी कंपनी पॅक आहे, इंजिन खोललेलेच नाही’ असे विक्रेता सांगत असताना बोल्टांच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे आणि सांध्यातून बाहेर आलेल्या गॅस्केट पेस्टची रेघ दिसली, तर इंजिन खोलले गेले आहे एवढे निश्चित होते. ते खोलणे दोषच असतो असे नाही, कारण चांगल्या मिस्त्रीने केलेले काम न केलेल्या कामापेक्षा बरे. पण ते लपवणे हा मात्र दोषच.

पारखीचा खरा प्रारंभ इंजिन थंड असताना होतो. गाडीजवळ गेल्यावर चावी मागण्याआधी सिलिंडरजवळ हात नेऊन पाहणे, हे साऱ्या तपासणीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त कृत्य आहे. इंजिन गरम असेल तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती, आणि ज्या गाडीला थंडीत दहा वेळा सेल्फ मारावा लागतो किंवा पहिल्या क्षणी निळा धूर येतो, ती आधी सुरू करून ठेवण्याची गरज विक्रेत्यालाच सर्वांत जास्त असते. अशा वेळी वाद न घालता दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे ठरवावे. किल्ली फिरवल्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून काही क्षणांत किंवा गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही, तर दोष दाखवणारा दिवाच कोणी काढून टाकला असण्याची शक्यता धरावी. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या पल्सर २२०मध्ये मात्र हा पुरावा उपलब्धच नसतो.

धुराचा अर्थ लावताना ऋतूही लक्षात घ्यावा लागतो. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात उतरून हाती पैसा येतो तेव्हा सकाळी हवेत गारठा असतो, आणि अशा हवेत सायलेन्सरमधून निघणारा पातळ पांढरा धूर ही केवळ पाण्याची वाफ असते. इंजिन तापले की ती जाते. तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला आणि त्याला गोडसर वास आला, तर हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्याचे डोके यांच्यामधील पत्रा, फुटून कूलंट जळत असल्याचा संशय घ्यावा. निळा धूर तेल जळण्याचा असतो, पण तो केव्हा येतो त्यावर खर्च अवलंबून असतो: रात्रभर उभ्या गाडीने सकाळी एकच झुळूक सोडली तर वॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सील कडक झालेली असतात, ज्यांची दुरुस्ती हेडपुरती आटोपते, रेस दिलेली असताना अखंड निळा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समजावे. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगतो आणि त्याची दुरुस्ती बहुधा इंजिनाच्या पोटापर्यंत पोहोचत नाही.

आवाजाच्या बाबतीत लोक ज्याला घाबरतात तो आवाज पुष्कळदा निरुपद्रवी असतो. वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात सोडलेल्या फटीमुळे येणारी बारीक, एकसारखी टॅपेटची टिकटिक चालण्यासारखी आहे. उलट ती अजिबातच ऐकू येत नसेल, तर गाडी शांत वाटावी म्हणून कोणी फट आवळून ठेवली आहे का, हे पाहावे, कारण फट न उरलेला वॉल्व्ह तापल्यावर पुरता बसत नाही आणि शेवटी जळतो. टायमिंग चेनची, म्हणजे वॉल्व्ह चालवणाऱ्या आतल्या साखळीची, खडखड सुरू होताच क्षणभर येऊन थांबली तर सोडून द्यावी, चालूच राहिली तर टेन्शनर किंवा चेन बदलण्याचा खर्च भावातून वजा करावा. भीती बाळगावी ती खालून, क्रँकच्या बाजूने येणाऱ्या जड ठोक्याची. पिस्टनचा आवाज थंड इंजिनात जास्त असतो आणि तापल्यावर कमी होतो; क्रँकच्या बेअरिंगचा ठोका तेल तापून पातळ झाल्यावर वाढतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या कवचाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून मिस्त्री डॉक्टरच्या नळीसारखा त्याचा उपयोग करतात आणि ठोका कुठून येतो हे शोधतात. फटाके फोडणारा बदललेला सायलेन्सर गाडीला असेल, तर यांपैकी काहीच नीट ऐकू येत नाही.

तेल पाहण्यासाठी गाडी सरळ उभी धरावी लागते. साइड स्टँडवर पातळी खोटी दिसते. मधासारखे स्वच्छ तेल पाहून समाधान मानणे हे भोळेपणाचे आहे, कारण कालच बदललेले तेल इंजिनाचा इतिहास पुसून टाकते आणि मुद्दाम जाड तेल घातले तर आवाज व धूर काही दिवस दबतात. तेल चहात दूध घातल्यासारख्या रंगाचे झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. या संदर्भात २३ सप्टेंबर २०२३ची तारीख नागपूरकडची गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावी. त्या पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले आणि असंख्य वाहने बुडाली. बुडालेली गाडी धुऊन पुसून चालू करता येते, पण हेडलाइटच्या आतला गाळाचा थर, वायरींच्या जोडांवरचा हिरवट-पांढरा गंज आणि सीटखालच्या कोपऱ्यातला वाळलेला चिखल सहसा कोणी साफ करत नाही. तेथे बॅटरीच्या उजेडात पाहावे.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरची परीक्षा वेगळी करावी लागते आणि झाकण फक्त थंड इंजिनावरच उघडावे, अन्यथा उकळते पाणी अंगावर येते. कूलंट हिरवे, निळे किंवा गुलाबी असे स्वच्छ रंगाचे असावे. संत्र्याच्या या पट्ट्यात बागा विहिरी आणि खोल बोअरच्या पाण्यावर जगतात, आणि कूलंट कमी झाले की तेच बोअरचे जड पाणी ओतण्याचा मोह होतो. त्यातील क्षार तापल्यावर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत पापुद्र्यासारखे बसतात. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी खपली किंवा तांबूस गढूळ पाणी दिसले, तर ज्या जिल्ह्यात उन्हाळी पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेथे हे इंजिन किती वेळा तापले असेल, याची कल्पना करावी. गाडी जागेवर चालू ठेवून पंखा आपोआप सुरू होतो का, हेही पाहावेच.

एवढ्यानंतरही संशय उरला, तर एक कसोटी गावातल्या पंक्चरच्या दुकानातही होऊ शकते, आणि ती इतर सर्व अंदाजांपेक्षा मोलाची आहे. इंजिन कोमट असताना प्लग काढून आधी त्याचेच टोक पाहावे: फिकट तपकिरी असेल तर ठीक, ओलसर काळे असेल तर तेल वर चढते आहे. मग प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन हळू फिरवले की ज्या फेरीत हवा बोटाला ढकलते ती कॉम्प्रेशनची फेरी समजते. भोकातून प्लास्टिकची बारीक नळी सोडून पिस्टन अगदी वर आल्याचे कळते. गाडी वरच्या गिअरमध्ये घालून एकाने मागचा ब्रेक घट्ट दाबून धरावा, म्हणजे पिस्टन हलणार नाही, आणि प्लगच्या आट्यांत बसणारी जोडनळी लावून कॉम्प्रेसरची हवा आत सोडावी. सर्व वॉल्व्ह बंद असल्यामुळे हवेला वाट नसते. ती जिथून फुसफुसते तो दोष. सायलेन्सरच्या तोंडाशी आवाज आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनलेट वॉल्व्ह, थंड झालेल्या रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, आणि तेल भरण्याच्या तोंडातून जोराने आला तर रिंगा. रिंगेच्या तोंडाशी फट ठेवावीच लागत असल्याने तेथून थोडी हवा निरोगी इंजिनातही येते. कॉम्प्रेशन गेजचा आकडा यापेक्षा कमी सांगतो, कारण काही इंजिनांत सुरू होताना वॉल्व्ह किंचित उघडे ठेवणारी यंत्रणा असते आणि गेज त्यामुळे कमी दाब दाखवते. विक्रेत्याने ही कसोटी करू द्यायला नकार दिला, तर तो नकारही पुराव्यात धरावा.

नरखेडच्या गाड्यांबाबत एअर फिल्टर वगळून चालत नाही. बागेपर्यंतच्या पांदण रस्त्यावर उन्हाळ्यात टाचभर फुफाटा असतो, आणि ‘पिकअप वाढतो’ म्हणून फिल्टरचा डबा काढून उघडी जाळी लावलेली असेल, तर ती बारीक धूळ सिलिंडरमध्ये जाऊन घासणीच्या पेस्टचे काम करते. अशी गाडी शहरातल्या गाडीच्या निम्म्या किलोमीटरवर रिंगा सोडू शकते. प्रत्यक्ष चालवून पाहणे त्यामानाने लवकर आटोपते: वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम रेस दिल्यावर आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेटा घसरतात, रेस दिल्यावर किंवा सोडल्यावर गिअर आपोआप निसटला, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

शेवटी इंजिनावर कोरलेला क्रमांक कापडाने पुसून नोंदणी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा, कारण तो जुळला नाही तर तपासलेले इंजिन कागदावरच्या गाडीचे नाही. एमपी २८ पाटीची गाडी असेल तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. आणि गाडी कोठलीही असली, तरी मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५० प्रमाणे खरेदीपासून ३० दिवसांच्या आत ती आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.