गाडी ओढ कां घेत नाहीं?

वऱ्हाडांत माल वाहणाऱ्या छोट्या मोटारीला सर्रास ‘पिकअप’ म्हणतात, आणि मोटारीच्या वेग घेण्याच्या शक्तीलाहि ‘पिकअप’च म्हणतात. त्यामुळें अमरावतीच्या गॅरेजांत “पिकअपला पिकअप नाहीं” अशी तक्रार कानावर पडली, तर ऐकणाऱ्याला तींत कांहीं वावगें वाटत नाहीं. श्रोतेहो, आज आपणांशीं बोलावयाचें आहे तें याच तक्रारीविषयीं.

कोणी म्हणेल, हा विषय कारागिराचा. सुशिक्षित गृहस्थाला त्याचें काय? परंतु शहरांतील कितीतरी कुटुंबांचा मोर्शी-वरुडकडे संत्र्याचा बगीचा असतो, किंवा घरांतील कोणाचें तरी दुकान असतें. तेथें दहा-पंधरा वर्षांची एखादी डिझेल गाडी असते आणि तिच्या दुरुस्तीचें बिल अखेर घरांतच येतें. शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. हमरस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडतांना ज्या गाडीला ऐन वेळीं वेग घेतां येत नाहीं, तींत बसलेल्यांचा जीव धोक्यांत असतो.

डिझेल यंत्राचें मर्म समजलें म्हणजे निम्मी परीक्षा झाली. रूडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाचें यंत्र १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें यशस्वी रीतीनें चाललें. त्यांतील मूळ कल्पना आजहि तीच आहे. पेट्रोलच्या यंत्रांत ठिणगी पडते. येथें ठिणगी नाहीं. सिलिंडरमध्यें आलेली हवा पिस्टन तिच्या मूळ आकाराच्या सुमारें विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्या दाबानें ती ५०० अंश सेल्सिअसच्याहि वर तापते, आणि नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा तींत शिरतांच तो आपोआप पेट घेतो. जुन्या डिझेल गाडींत आपण पायानें दाबतों त्या पट्टीनें हवा कमीजास्त होत नाहीं. केवळ डिझेल कमीजास्त होतें. तेव्हां ओढ मंदावली म्हणजे मुख्यतः तीन शंका घ्यावयाच्या : हवा अपुरी पडते काय, डिझेल पुरेसें व वेळेवर मिळत नाहीं काय, आणि जळालेल्या धुराला बाहेर पडण्यास मोकळी वाट नाहीं काय? यांखेरीज चौथीहि एक शंका आहे. यंत्र आपलें काम चोख करीत असेल, पण त्याची शक्ति चाकांपर्यंत पोंचत नसेल.

परीक्षा या चौथ्या शंकेपासून सुरू करावी, कारण तिला खर्च नाहीं. अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा रस्ता यासाठीं उत्तम. याच मार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून जागतिक विक्रम नोंदविला गेला. अशा सपाट रस्त्यावर ब्रेक शक्य तितका कमी वापरून आठ-दहा किलोमीटर जावें, गाडी बाजूला उभी करावी आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा. हात लावूं नये, भाजेल. एखादें चाक इतरांहून फार तापलेलें असेल, तर ब्रेक सुटत नाहीं, तो चाकाला धरून राहिला आहे असें समजावें. चढावर यंत्राचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, आणि जळल्यासारखा वास येतो, तर क्लच-प्लेट घसरते आहे. चाकांतील हवा कमी असली तरी गाडी जड चालते. शेवटीं यंत्र बंद ठेवून एकानें पायाची पट्टी पुरती दाबावी आणि दुसऱ्यानें बॉनेट उघडून पंपावरील दांडी शेवटपर्यंत जाते कीं नाहीं तें पाहावें. ताणून लांबलेली केबल, किंवा पट्टीखालीं सरकलेलें पायपुसणें, एवढ्यानेंहि गाडीची ओढ निम्म्यावर येते.

हें सर्व ठीक असेल, तर मग धुराकडे पाहावें. यंत्राच्या पोटांत काय चाललें आहे, तें धूर सांगतो. धूर काळा असेल, तर डिझेलच्या मानानें हवा कमी पडते आहे, किंवा नोझल नीट फवारा न करतां थेंब गाळीत आहे. पांढरा असेल, तर डिझेल न जळतांच बाहेर पडत आहे. गार सकाळीं क्षणभर तो दिसला तर चिंता नको, परंतु यंत्र तापल्यावरहि तो टिकला, तर डिझेल उशिरां सुटतें आहे, दाब गळतो आहे किंवा रेडिएटरचें पाणी आंत शिरतें आहे. निळसर असेल, तर ऑइल जळत आहे. आणि ओढ नाहीं पण धूरहि नाहीं, असें असेल तर बहुधा यंत्र उपाशी आहे. त्याला डिझेलच पोंचत नाहीं.

काळ्या धुराचें आपल्या भागांतील पहिलें कारण म्हणजे हवेचा फिल्टर. काळ्या मातीची उन्हाळ्यांतील धूळ आणि कापसाच्या हंगामांत जिनिंगच्या आवारांत उडणारे तंतू यांनीं तो लवकर कोंदतो. टर्बो असलेल्या गाडींत दुसरें कारण म्हणजे टर्बोपासून यंत्राकडे दाबाची हवा नेणारी रबरी नळी. ती खालच्या बाजूस फाटलेली असली तर वरून दिसत नाहीं, पण भार घेतांना फुसफुस असा आवाज येतो. नळी थोडक्यांत बदलते; टर्बोची किंमत मात्र घराचा महिन्याचा हिशेब मोडते.

माझ्या एका नातलगाची गोष्ट सांगतों. मृग बहाराची संत्रीं भरलेली त्यांची गाडी मोर्शीहून निघाली कीं पंधरा-वीस किलोमीटर नीट धांवे. मग हळूहळू दम सोडी. दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरू केली कीं पुन्हां तितकीच नीट चाले. धूर मुळींच नव्हता. एका ठिकाणीं त्यांना पंप व टर्बो दोन्ही उतरवावयास सांगण्यांत आलें, आणि त्यासाठीं बायकोच्या बांगड्या गहाण ठेवण्यापर्यंत त्यांची तयारी झाली होती. मीं विचारलें, “थांबल्यावर बरी होते, असें टर्बो करील काय?” टाकीच्या तळाशीं शेवाळासारखा गाळ सांचला होता. यंत्र ओढूं लागलें कीं तो डिझेलच्या नळीच्या जाळीवर येऊन चिकटे. यंत्र थांबलें, ओढ सुटली, कीं तो खालीं बसे. टाकी धुतली, जाळी स्वच्छ केली, डिझेलचा फिल्टर बदलला, हातपंप मारून एअर काढली, आणि गाडी सुधारली. बांगड्या हातांतच राहिल्या.

येथें एका मोहापासून सावध करावयाचें आहे. ओढ कमी झाली कीं कोणीतरी सांगतो, “पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घ्या.” तो स्क्रू कारखान्यानें मोजून बसवून मोहोरबंद केलेला असतो. हवा अपुरी असतांना डिझेल वाढविलें, तर तें जळत नाहीं. काळा धूर वाढतो, बाहेर पडणारा वायु अधिक तापतो, आणि पिस्टन व टर्बो दोन्ही भाजून निघतात. चार दिवस गाडी जोरांत धांवल्यासारखी वाटते, पुढें यंत्रच उघडावें लागतें. तसेंच नोझलच्या नळ्यांशीं घरीं खटपट करूं नये. त्यांतील दाब इतका असतो कीं डिझेलची बारीक धार कातडी भेदून आंत शिरते, आणि ती जखम वरून लहान दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊं शकते.

प्रत्येक मंदपणा हा दोषच असतो, असेंहि नव्हे. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढें जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षां ४५ अंशांची हवा सुमारें सहा टक्क्यांनीं विरळ असते. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास गेलें म्हणजे आपण समुद्रसपाटीपासून सुमारें ११०० मीटर उंचीवर येतों. तेथेंहि हवा विरळच. टर्बो नसलेल्या जुन्या यंत्राला हा तुटवडा भरून काढतां येत नाहीं. तेव्हां जानेवारींत सपाटीवर जी गाडी हलकी वाटते, ती मे महिन्याच्या दुपारीं भार घेऊन घाटांत थकली, तर तिला आजारी ठरविण्याची घाई करूं नये. भार कमी करावा आणि वेळेवर खालचा गिअर घ्यावा.

एवढें सर्व पाहूनहि ओढ येत नसेल, सकाळीं यंत्र सुरू होण्यास कष्ट पडत असतील आणि ऑइलहि घटत असेल, तर यंत्राची झीज झाली आहे, असें समजून मोठ्या खर्चाची तयारी ठेवावी. परंतु तो निर्णय शेवटचा. तोपर्यंत गॅरेजांत जातांना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्या : गाडी केव्हां मंदावते, धूर कोणत्या रंगाचा, भार किती असतो, आणि दोष दिसण्यापूर्वीं काय बदललें होतें. रोग्यानें लक्षणें नीट सांगितलीं तर वैद्याचें काम जसें सोपें होतें, तसेंच येथेंहि आहे. चांगला कारागीर या कागदाचा आदरच करील. आणि जो तो न वाचतांच पंप उतरवूं लागेल, त्याच्या हातीं गाडी सोंपविण्यापूर्वीं आपण आणखी एकदां विचार करावा.