परदेशी शिक्षण: प्रवेशपत्र म्हणजे वास्तव्याचा परवाना नव्हे

बजबज (कोलकाता) : कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून सुटणाऱ्या एका उपनगरी मार्गाचे शेवटचे स्थानक बजबज हे आहे. हुगळीच्या पूर्व तीरावरील हे नगर तेलाचे साठे आणि तागाच्या गिरण्या यांसाठी ओळखले जाते. मात्र २०१३ मध्ये या स्थानकाला ‘कोमागाता मारू बजबज’ असे नाव देण्यात आले, त्यामागील कारण निराळे आहे. परदेशात काम आणि घर मिळेल या आशेने निघालेल्या आणि बंदरातूनच परत पाठवण्यात आलेल्या भारतीयांचा प्रवास येथे संपला होता.

परदेशातील एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, पुढे तेथेच नोकरी आणि कालांतराने स्थायी वास्तव्य मिळवावे, असा विचार आज अनेक मराठी घरांत होतो. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढले जाते, प्रसंगी जमीन किंवा घर तारण ठेवले जाते. या निर्णयापूर्वी कोणते नियम पाहावेत, हे समजून घेताना बजबजच्या घटनेपासून सुरुवात करणे उपयुक्त ठरते.

काय घडले होते?

कॅनडाच्या सरकारने १९०८ मध्ये एक नियम केला. मायदेशातून थेट आणि सलग प्रवास करून आलेल्यांनाच देशात प्रवेश मिळेल, असे त्यात म्हटले होते. भारताचे नाव त्यात कोठेही नव्हते. तथापि, त्या काळी भारतातून कॅनडाला सलग प्रवासाची सोय उपलब्ध नसल्याने परिणाम भारतीयांवरच झाला. त्याशिवाय आशियातून येणाऱ्यांजवळ २०० डॉलर असणे आवश्यक करण्यात आले.

१९१३ च्या अखेरीस ‘पनामा मारू’ या जहाजातून आलेल्या भारतीयांच्या प्रकरणात तेथील न्यायालयाने हा नियम सदोष ठरवला आणि बहुतेकांना उतरण्याची परवानगी मिळाली. वाट खुली झाल्याची भावना निर्माण झाली. परंतु सरकारने जानेवारी १९१४ मध्ये नियमातील त्रुटी दूर करून तो पुन्हा जारी केला.

बाबा गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेले ‘कोमागाता मारू’ एप्रिल १९१४ मध्ये हाँगकाँगहून निघाले आणि २३ मे रोजी व्हँकुव्हरला पोहोचले. जहाजावर ३७६ प्रवासी होते. दोन महिने त्यांना जहाजावरच रोखून धरण्यात आले. पूर्वीपासून कॅनडात राहणाऱ्या मोजक्या प्रवाशांनाच उतरू देण्यात आले. न्यायालयातही या वेळी निकाल विरोधात गेला आणि २३ जुलै रोजी जहाज परत फिरले.

२९ सप्टेंबर १९१४ रोजी ते बजबजला लागले. प्रवाशांना विशेष गाडीने पंजाबात नेण्याचा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा बेत होता. अनेकांनी त्यास नकार देऊन कोलकात्याकडे पायी प्रस्थान ठेवले. त्यांना बजबजला परत आणण्यात आले व त्यानंतर झालेल्या गोळीबारात सुमारे २० प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मारकाचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १९५२ मध्ये झाले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ मध्ये संसदेत या घटनेबद्दल क्षमायाचना केली.

आजच्या विद्यार्थ्याची स्थिती आणि त्या प्रवाशांची स्थिती यांची बरोबरी होऊ शकत नाही. एक गोष्ट मात्र समान आहे. आदल्या वर्षी एखाद्यास प्रवेश मिळाला, म्हणून पुढच्या वर्षी आपल्यालाही मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

शिक्षणासाठी गेलेले मराठी प्रवासी

बजबजसमोरून वाहणाऱ्या याच नदीतून, या घटनेच्या ३१ वर्षे आधी, एका मराठी विद्यार्थिनीने प्रयाण केले होते. टपाल खात्यात असलेल्या पतीसमवेत हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे राहणाऱ्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. भारतात परतून स्त्रियांना वैद्यकीय सेवा देण्याचा उद्देश त्यांनी निघण्यापूर्वीच जाहीर केला होता. त्यानुसार कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नियुक्तीही झाली, परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांची वाट वेगळी होती. त्यांनी अमेरिकेत कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि ते गदर चळवळीत सहभागी झाले. दरम्यान, अमेरिकेचे दरवाजेही बंद होत गेले. १९१७ च्या कायद्याने भारतातून होणारे स्थलांतर रोखले. विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती, पण १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय नागरिकत्वास पात्र नसल्याचा निर्णय दिला. म्हणजे शिकण्यास परवानगी होती, कायमचे राहण्यास नव्हती. खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत गेले. तेथील चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि मका व गहू या पिकांवर संशोधन केले. त्यांना ज्या देशाने आसरा दिला तो त्यांच्या शिक्षणाचा देश नव्हता, मात्र तेथे त्यांचे कृषिशास्त्राचे ज्ञान उपयोगी पडले.

तीन स्वतंत्र परवानग्या

शिक्षण, काम आणि स्थायी वास्तव्य या तीन वेगवेगळ्या परवानग्या आहेत. विद्यापीठ केवळ प्रवेश देते. विद्यार्थी व्हिसा, शिक्षणोत्तर कामाची परवानगी आणि स्थायी वास्तव्य यांबाबतचे निर्णय त्या देशाचे सरकार घेते. पहिली परवानगी मिळाली म्हणजे पुढील दोन्ही मिळतात, असे नाही. प्रमुख देशांतील अलीकडील बदलांवरून हे स्पष्ट होते.

कॅनडा : जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणोत्तर वर्क परमिटसाठी भाषेची परीक्षा आवश्यक झाली. पदवीऐवजी डिप्लोमा किंवा प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम सरकारने ठरवलेल्या विषयांच्या यादीत असावे लागतात. पदवी, पदव्युत्तर व डॉक्टरेट अभ्यासक्रमांना ही यादी लागू नाही. तसेच सार्वजनिक महाविद्यालयाचा अभ्यासक्रम करारान्वये खासगी संस्थेत शिकवला जात असेल, तर १५ मे २०२४ पासून तेथे नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना हे परमिट मिळत नाही. मार्च २०२५ मध्ये स्थायी वास्तव्याच्या गुणपद्धतीतून नोकरीच्या प्रस्तावाचे अतिरिक्त गुणही काढून टाकण्यात आले.

ब्रिटन : येथील शिक्षणोत्तर कामाचा मार्ग २०१२ मध्ये बंद झाला आणि जुलै २०२१ मध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने नवा मार्ग सुरू झाला. त्यात पदवीधरांना दोन वर्षे मिळत. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी ही मुदत १८ महिने करण्याचा निर्णय झाला आहे. डॉक्टरेटधारकांची तीन वर्षांची मुदत कायम ठेवण्यात आली. जानेवारी २०२४ पासून संशोधनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम वगळता बहुतेक विद्यार्थ्यांना पती, पत्नी वा मुलांना सोबत नेता येत नाही. कुशल कामगार व्हिसासाठीची किमान वेतनाची सर्वसाधारण अट जुलै २०२५ मध्ये वार्षिक ४१,७०० पौंड झाली.

अमेरिका : पदवीनंतर १२ महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची मुभा असते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना आणखी २४ महिने मिळू शकतात. त्यानंतर लागणाऱ्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५,००० असून अर्ज त्याहून अधिक येत असल्याने निवड सोडतीवर अवलंबून राहिली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेशही निघाला. ग्रीन कार्डसाठी प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची प्रतीक्षा दीर्घ असते.

जर्मनी : सार्वजनिक विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रति सत्र १,५०० युरो भरावे लागतात. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. तेथील पदवीधराने दोन वर्षे आपल्या पात्रतेनुसार नोकरी केल्यास, भाषेची आणि निवृत्तिवेतन योगदानाची अट पूर्ण करून स्थायी वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी जर्मन भाषेवाचून पुढची वाटचाल अवघड होते.

ऑस्ट्रेलिया : शिक्षणोत्तर व्हिसासाठी बहुतेक अर्जदारांची वयोमर्यादा १ जुलै २०२४ पासून ५० वरून ३५ वर्षे करण्यात आली. काही वर्षे नोकरी करून मग परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना याचा थेट फटका बसतो.

बनावट प्रवेशपत्रांचा धोका

नियम बदलतात हा एक धोका. कागदच खोटा निघणे हा दुसरा. २०२३ मध्ये कॅनडातील काही भारतीय विद्यार्थ्यांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. काही वर्षांपूर्वी ज्या प्रवेशपत्रांवर ते आले होते, ती बनावट असल्याचे उघड झाले होते. अनेकांनी तोवर शिक्षण पूर्ण करून नोकरी धरली होती आणि स्थायी वास्तव्यासाठी अर्ज केल्यावरच त्यांना ही बाब कळली. निरपराध ठरणाऱ्यांना दिलासा देण्यासाठी जून २०२३ मध्ये कारवाई स्थगित करण्यात आली. डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची संबंधित संस्थेकडून पडताळणी करण्याची पद्धत कॅनडाने लागू केली.

परदेशी नोकरीसाठी मनुष्यबळ पाठवणाऱ्या एजंटांना भारतात १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे. केवळ महाविद्यालयीन प्रवेशाचे काम करणारा सल्लागार या नोंदणीत असेलच असे नाही. त्याला अनेकदा संस्थेकडूनच दलाली मिळते, हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे प्रवेशपत्र आल्यावर संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः चौकशी करणे आणि शुल्क थेट संस्थेच्या खात्यात भरणे हितावह ठरते.

अभ्यासक्रम निवडताना

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून मिळवावीत. संस्था विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यास पात्र आहे काय आणि हाच अभ्यासक्रम शिक्षणोत्तर कामास पात्र आहे काय, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. कामाची मुदत किती आहे आणि ती स्थायी वास्तव्याच्या कालावधीत धरली जाते काय, हा तिसरा प्रश्न. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’वरील काळ कुशल कामगार म्हणून स्थायिक होण्याच्या वर्षांत मोजला जात नाही. वैद्यक, शुश्रूषा, कायदा यांसारख्या व्यवसायांत पदवीखेरीज स्वतंत्र व्यावसायिक नोंदणी लागते, हेही तपासावे.

नियम कोणत्या तारखेपासून आणि कोणाला लागू होतो, हे विशेष बारकाईने वाचावे. काही बदल नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनाच लागू होतात, तर काही शिक्षण पूर्ण करून अर्ज करणाऱ्यांनाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपेपर्यंत आजचाच नियम राहील, असे धरून कर्जाचे हप्ते आखणे धोक्याचे आहे.

याच कारणाने, वास्तव्य मिळाले नाही तर काय, याचा हिशेब आधीच मांडावा. भारतातील वेतनावर कर्ज फिटेल काय? त्या पदवीला येथे मान्यता आणि मागणी आहे काय? केवळ वर्क परमिट मिळते म्हणून निवडलेला, स्वतःच्या पूर्वशिक्षणाशी असंबद्ध असा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम या कसोटीवर बहुधा टिकत नाही. मायदेशी परतलो किंवा तिसऱ्याच देशात गेलो तरी कामी येईल, असे शिक्षण निवडणाऱ्याच्या हाती, नियम बदलले तरी, एक विद्या शिल्लक राहते.